पाणी साफ येईपर्यंत

माणिकबाईने मास्कची डबी बादलीत उलटी दाबून धरली. आधी मोठे बुडबुडे आले, मग बारीक, आणि मग डबीच्या जाळीतून काळं पाणी सुटलं. ते बादलीभर पसरलं तसा तिचा चेहरा खुलला.

"पाहा, किती घान हाये," ती म्हणाली. "हे सारं तुमच्या छातीत गेलं असतं."

शालिकराम मागच्या दारात चहा पीत बसला होता. बायको कामाला लागली की मध्ये बोलू नये, एवढं तो संसारात शिकला होता. तरी त्याच्याने राहवलं नाही.

"छातीत कसं जाईन? त्याच्यासाठीच तं ते डबी हाये. सारं अडवते."

"अडवते, मंग ठेवते कुठं? भरत नसंन का ते कई?"

प्रश्न अगदी बरोबर होता. गोदामातल्या एकाही शहाण्याला आजवर तो सुचला नव्हता. उत्तर मात्र माणिकबाईने आपल्या सवयीने काढलं. जे भरतं ते धुवावं.

शालिकराम अकोल्यात शिवणीकडच्या एका गोदामात धुरी द्यायचं काम करायचा. तुरीच्या पोत्यांची थप्पी लागली की तिच्यावर ताडपत्री ओढायची, कडेने वाळू भरलेल्या लांब पिशव्या ठेवून ती जमिनीशी दाबायची, आत गोळ्या सारायच्या आणि बाहेर पडायचं. गोळ्यांना हवेतली ओल लागली की त्यांतून वायू सुटतो. त्याला सडक्या लसणासारखा वास असतो. तुरीतला किडा त्याने मरतो, आणि माणूस किड्यापेक्षा फार मजबूत आहे असं समजायचं काही कारण नाही. पुढे ताडपत्री काढायची वेळ येते तेव्हा थप्पीत दबलेला वायू मोकळा होतो. खरा धोका तेव्हाचा.

कितीतरी वर्षं हे काम त्याने नाकाला दुपट्टा गुंडाळून केलं. मागच्या दिवाळीनंतर शेठने मास्क आणले. काळ्या रबराचे, डोक्यामागे दोन पट्टे, आणि पुढे फिरवून बसवायची डबी. मास्क लावून शालिकराम पहिल्यांदा दारात उभा राहिला तेव्हा माणिकबाई पदर तोंडाला लावून हसली. हसून झाल्यावर तिने त्या मास्कला हळदीकुंकू लावलं. घरधन्याचा जीव जी वस्तू राखणार, ती तिच्या लेखी देवाच्या खालोखाल होती.

माणिकबाई माळ्याची लेक. अकोटजवळच्या तिच्या माहेरी मेथी, मुळा, पालक मळ्यातून उपटला की हौदाच्या पाण्यातून काढल्याशिवाय गाडीत चढत नसे. मातीची जुडी गिऱ्हाईक पायाने लोटतं, असं तिची आई म्हणायची. आता ती स्वतः अकोल्याच्या भाजीबाजारात बसायची, आणि तिच्या जुड्या सगळ्या बाजारात उठून दिसायच्या. अकोल्यात नळ रोज येत नाही. आला की ड्रम भरायचे आणि तो पुन्हा येईपर्यंत देवाचं नाव घेत पुरवायचे. भांडी विसळलेलं पाणी तुळशीला, तांदूळ धुतलेलं गाईला, असा तिचा कडक कारभार होता. मास्कच्या बाबतीत मात्र तिने हात आखडला नाही. पिण्याचं, गाळलेलं पाणी घेऊन ती डबी धुवायची, आणि पाणी साफ येईपर्यंत सोडायची नाही.

पहिल्या दिवशी पाणी शाईसारखं काळं आलं. मग राखाडी यायला लागलं. पुढे पुढे तर इतकं निर्मळ, की त्यात भात शिजवावा. माणिकबाईला मनापासून आनंद झाला. आपण काहीतरी वाईट घराबाहेर काढलं, असं तिला वाटलं.

मग एका संध्याकाळी शालिकराम डोकं धरून घरी आला. भाकरीकडे त्याने पाहिलंही नाही. मोरीपाशी जाऊन ओकला आणि बाजेवर आडवा झाला.

"काय झालं वो?"

"आज मास्कमधूनबी लसनाचा वास येऊन राहिला होता."

माणिकबाईने त्याच्या कपाळावर ओला फडका ठेवला. तिला लाज वाटली. आपल्याच धुण्यात कसर राहिली असणार. दुसऱ्या दिवसापासून तिने साबण-सोड्याचं पाणी केलं, जुना दात घासायचा ब्रश घेतला आणि डबीची जाळी एकेक भोक करून घासायला लागली. सोड्याने तिची बोटं फाटली. चार दिवसांनी तिने विचारलं,

"आता येते का वास?"

शालिकरामने तिच्या बोटांकडे पाहिलं.

"नाई," तो म्हणाला. "आता नाई येत."

मार्चमध्ये गोदामात सुरक्षा सप्ताह झाला. दारावर बॅनर, आवारात मांडव, सगळ्यांना घरच्यांसकट बोलावणं. सारा कारभार नत्थुजीकडे होता. नत्थुजी म्हणजे गोदामाचा सुपरवायझर. हमालीपासून चढत त्या खुर्चीपर्यंत पोचलेला माणूस, मनाचा वाईट नाही, पण माईक दिसला की त्याला राहवत नसे. त्याने टेबलावर सगळ्यांचे मास्क ओळीने मांडले. बाकीच्यांचे घामाच्या डागांनी पांढरे पडलेले, तुरीच्या भुशाने माखलेले. शालिकरामचा तेवढा नव्या नवरीसारखा.

"हे पाहा, बावाहो!" नत्थुजीने तो वर धरला. "हात फिरे तिथं लक्ष्मी फिरे म्हनतात, ते काई उगीच नाई. हे आमच्या वहिनीचं काम हाये. मास्क असा पायजे!"

शेठने स्वतःच्या हाताने माणिकबाईला झाकणाचा स्टीलचा गंज दिला. चांगलं मोठं भांडं, दहा माणसांचं वरण मावेल असं. फोटो काढला. टाळ्या झाल्या. आयुष्यात तिला कुणी माईकवरून नाव घेऊन बोलावलं नव्हतं. तिने गंज दोन्ही हातांनी छातीशी धरला. मग नत्थुजीने फर्मान काढलं, की उद्यापासून सगळ्यांच्या घरी मास्क असेच धुतले पाहिजेत, आणि वहिनी आत्ताच सगळ्या बायकांना दाखवतील.

गोदामाच्या नळापाशी बायकांचं कोंडाळं झालं. पदर खोचून माणिकबाईने श्रावणची डबी पाण्यात बुडवली. श्रावणची बायको शालू सगळ्यांत पुढे वाकून पाहत होती. श्रावण म्हणजे शालिकरामचा जोडीदार. थप्पीवर दोघे बरोबर चढायचे, बरोबर उतरायचे. त्याच्या लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. शालू दोन गल्ल्या सोडून राहायची आणि माणिकबाईच्या मागे मागे असायची. मोठी गोड पोर. तिच्याकडे भाजी पाठवली तर भांडं घासून, पुसून, चिमूटभर साखर घालून परत यायचं.

"काकू, किती येळ धुवाचं?" तिने विचारलं.

"पानी साफ येईपर्यंत. तोपर्यंत सोडाचं नाई."

शालूने मान हलवली. श्रावणच्या डबीतून काळं पाणी निघालेलं पाहून ती "अगं बाई!" म्हणाली आणि बाकीच्या बायकाही पुढे सरकल्या.

मास्कने आणखी एक गोष्ट केली, ती कुणाच्या ध्यानात आली नाही. दुपट्ट्याच्या काळात ताडपत्री काढायच्या आधी गोदामाची सगळी दारं सताड उघडून माणसं बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून राहायची. वास जाईपर्यंत कुणी आत पाऊल टाकत नसे, कारण दुपट्ट्यावर कुणाचा काडीचा विश्वास नव्हता. मास्क आले आणि हे बसणं मागे पडलं. ट्रक उभे असायचे, नत्थुजी हात दाखवायचा. "मास्क हाये नं तुमच्याजवळ? मंग कायची वाट पाहून राहिले?" आणि दोघे आत शिरायचे.

उन्हाळ्यात एके दिवशी असेच शिरले. अर्धी ताडपत्री ओढून झाल्यावर श्रावण पोत्यावर बसला. शालिकरामला वाटलं, दम खातो आहे. मग श्रावण कलला. शालिकरामने त्याला काखेत धरून दारापर्यंत ओढलं, आणि दाराच्या उंबऱ्यावर त्याचे स्वतःचे गुडघे गेले. दवाखान्यात दोघांना शेजारशेजारच्या खाटांवर ठेवलं. शालिकराम वाचला. श्रावण दिवस उजाडायच्या आत गेला. व्हरांड्यात शालूने फोडलेला हंबरडा माणिकबाईने नवऱ्याचा हात धरून ऐकला, आणि त्याच वेळी आपला माणूस वाचला याचं तिला बरं वाटत होतं. तिने स्वतःला तोंडावर मारून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

"देव तारी त्याले कोन मारी," लोक म्हणाले. शालिकरामकडे बघून म्हणाले. शालूच्या दारात उभं राहून कुणी म्हणालं नाही.

काही दिवसांनी अमरावतीहून तपासणीला एक मॅडम आल्या. गीतांजली त्यांचं नाव. त्यांनी दोघांचे मास्क मागितले. श्रावणचा सापडत नव्हता. शालिकराम अजून चार पावलं चालला की धापा टाकायचा, म्हणून त्याचा मास्क घेऊन माणिकबाई आली. येण्याआधी तिने तो धुतला होता, आणि स्वच्छ पंच्यात गुंडाळून आणला होता. सरकारी बाईपुढे नवऱ्याची वस्तू मळकी दिसू नये, एवढाच तिचा विचार.

मॅडमनी डबी फिरवून काढली. कानाशी नेऊन हलवली. मग ती तिरकी केली, तशी टेबलावर दोन थेंब पाणी पडलं.

"ही भिजली कशाने?"

"मॅडम, आपल्या इथं सारे मास्क रोज धुतल्या जातात," नत्थुजी पुढे होऊन म्हणाला. त्याच्या आवाजात अजूनही थोडा सप्ताह शिल्लक होता. "बक्षीसबी ठेवलं होतं."

मॅडमनी डबी त्याच्यापुढे धरली.

"डबी धुवायची नसते," त्या सावकाश म्हणाल्या. "आत औषध लावलेला कोळसा असतो. विषारी वायू तो धरून ठेवतो. त्याला पाणी लागलं की डबी संपली. काळं पाणी यायचं ना यातून? ती घाण नव्हती. तो कोळशाचा चुरा होता. मग नुसता रिकामा डबा तोंडाला बांधल्यासारखंच." त्यांनी डबी खाली ठेवली. "आणि मास्क लावूनही वास आला, तर त्याच क्षणी बाहेर पडायचं आणि नवी डबी लावायची. मास्क विकणाऱ्याने हे सांगितलं असेल."

"सांगतलं होतं," नत्थुजी खालच्या आवाजात म्हणाला. "म्हने, वापरली का फेका. आमाले वाटलं, त्याले माल खपवाचा हाये. दुकानदार तं फेकाच म्हननार."

"ताडपत्री काढायच्या आधी दारं उघडली होती?"

"ट्रक उभे होते, मॅडम," नत्थुजी म्हणाला.

"आत वायू किती आहे ते मोजायचं यंत्र आहे?"

नत्थुजीने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. त्यात शेठ होते, माणिकबाई होती आणि मध्ये गंज चकाकत होता. मॅडमनीही तो पाहिला. मग त्यांची नजर टेबलावरच्या पंच्यावर आली, पंच्यावरून माणिकबाईच्या बोटांवर, आणि त्यांचा आवाज बदलला.

"ताई, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. हे सांगणं, बघणं मालकाचं काम. दारं उघडायला लावणं मालकाचं काम. यात तुमची चूक नाही."

हे वाक्य माणिकबाईच्या कानांवर पडलं, आत गेलं नाही. आत गेला तो कोळशाचा चुरा. पहिल्या दिवशी बादलीत तो पसरला होता तेव्हा आपण हसलो होतो, हे तिला आठवलं.

बाहेर लिंबाखाली नत्थुजीने तिला गाठलं. त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसत होता.

"वहिनी, शालूले काई सांगू नका. गेलेला मानूस तं वापस येत नाई. पोरगी उगीच मनाले लावून घेईन, अन् तुमच्या तिच्यात इख कालवलं जाईन. कोनाचं भलं हाये त्याच्यात?"

त्याला स्वतःची खुर्चीही सांभाळायची होती, हे न कळण्याइतकी माणिकबाई भोळी नव्हती. पण सल्ला तिच्या फायद्याचा होता, आणि आपल्या फायद्याचा सल्ला माणसाला शहाणाच वाटतो. तिने मान हलवली.

घरी आल्यावर शालिकरामपुढे मात्र तिला धीर धरवेना. बाजेच्या कडेला बसून तिने सगळं सांगितलं. तो छताकडे बघत ऐकत होता.

"मले म्हाईत नव्हतं," ती म्हणाली. "कोळसा म्हाईत नव्हता. पन तुमी तं म्हटलं होतं, वास बंद झाला म्हनून."

शालिकरामने छतावरची नजर तिच्या हातांवर आणली.

"बंद झाला नव्हता," तो म्हणाला. "जास्तच येऊन राहिला होता. तुहे हात पाहिले अन् म्हटलं, आता हिले काय सांगाव."

 तिने त्याच्या पायांवर चादर ओढली आणि ती चुलीकडे गेली.

गोदामात नव्या डब्या आल्या. दारं उघडून बसायचा नियम पुन्हा लागला. डब्या धुवू नका, असं नत्थुजीने एकेका माणसाला बजावलं, आणि त्या त्या माणसाने घरी जाऊन बायकोला सांगितलं. नळावर माणिकबाई आली की बायकांचं बोलणं तुटायचं. कुणी वाईट बोललं नाही. फक्त तिची बादली आधी भरू द्यायच्या, आणि ती जाईपर्यंत थांबायच्या. शालूला हे सांगायला घरात नवरा नव्हता. दुखवट्याच्या घरात असली गोष्ट कोण नेणार? तिच्यापर्यंत ती पोचली नाही.

तेरवी झाली. त्यानंतर माणिकबाईला राहवेना. जायचं, पोरीला जवळ घ्यायचं, चार घास खायला लावायचे आणि परत यायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. तिने वरण केलं, भात केला. वरण न्यायला भांडं शोधलं तर झाकणाचं मोठं भांडं घरात एकच. तिने इकडे तिकडे हात घालून पाहिला, दुसरं काही निघतं का. शेवटी गंजातच वरण ओतलं आणि वर पदर घेऊन निघाली.

श्रावणची आई मैनाबाई पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने माणिकबाईकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. "मांगं हाये ते," एवढंच म्हणाली.

शालू मागे मोरीपाशी उकिडवी बसली होती. तिच्यापुढे बादली होती. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात डबी. शेजारी श्रावणचा मास्क उन्हात पालथा घातलेला.

माणिकबाईने हातातला गंज ओट्यावर ठेवला. 

"हा कुठं सापडला वं?"

"दवाखान्यातून कपड्याइसंगं देल्ला होता त्याहीनं." शालूचा हात थांबला नाही. "मी कोनाले दाखवला नाई. घेऊन जातीन म्हनून."

"अन् आता कावून धुवून राहिली, बाई?"

शालूने डबी पाण्यात बुडवली, वर काढली, निथळू दिली. पुन्हा बुडवली.

"त्या दिवशी धुतला नव्हता, काकू."

माणिकबाईने तिच्या हातातला ब्रश काढून बाजूला ठेवला.

"आदल्या दिवशी माहेरचे आले होते," शालू सांगायला लागली. तिचा आवाज सपाट होता. हे तिने मनात पुष्कळ वेळा सांगून झालं होतं. "नळ आला नव्हता. ड्रमात थोडंसंच पानी राहिलं होतं, ते सैपाकाले लागलं. मी याईले म्हटलं, डबी धुवाची राहिली. हे म्हने, राहू दे वं, एक दिवस नाई धुतली तं काय होते? मीबी म्हटलं, काय होते? अन् तसाच देल्ला सकाळी. तोच दिवस निघाला, काकू. बरोबर तोच."

"शालू..."

"आत्याबाईले सांगतलं नाई अजून. कसं सांगू? तुमच्या पोराचा मास्क मी तसाच देल्ला म्हनू? आता रोज धुतो. म्हाईत हाये काई फायदा नाई. पन हात ऐकत नाई."

येताना वाटेवर नत्थुजीचा शब्द माणिकबाईने मनात घट्ट धरून ठेवला होता. आता तो सुटला. आपण काही परत आणू शकत नाही, पण या पोरीच्या डोक्यावरचा हा धोंडा तर उतरवू शकतो, असं तिला वाटलं. हा धोंडा हिचा नाहीच. तिने खाली बसून शालूचे ओले हात आपल्या हातांत घेतले.

"आयक माय, तुही चूक नाई. त्या दिवशी धुतला नाई म्हनून काई झालं नाई. ते धुवाचंच नसते." आणि मग तिने थांबायचं नाही असं ठरवल्यासारखं सगळं सांगून टाकलं. अमरावतीच्या मॅडम, कोळसा, काळं पाणी, दारं. "चूक माही हाये. मलेच काई समजत नव्हतं अन् मी तुमाले साऱ्याइले शिकवलं. तुह्यावर काईच नाई, शालू. मनातून काढून टाक ते."

सांगून झालं तेव्हा तिला मोकळं वाटलं. त्या क्षणी आपल्याला मोकळं वाटलं होतं, हे पुढे तिला फार दिवस बोचत राहिलं.

शालूने आपले हात सोडवून घेतले. तिने बादलीत पाहिलं. पाणी तळापर्यंत साफ होतं.

"म्हंजे त्या दिवशी धुतला नाई, ते बरोबर होतं?"

"हो माय. बरोबरच होतं."

"अन् बाकीच्या दिवशी धुतला, ते?"

माणिकबाई पुन्हा तिचे हात धरायला गेली. शालूने ते मागे घेतले.

"मी तं रोज धुतला, काकू. तापात होती तईबी उठून धुतला. हे हसत मले. म्हनत, तू नवऱ्याले धुतं का मास्कले? डोकं दुखते म्हने, तं मी अजून घासो. तुमी सांगतलं तसं, पानी साफ येईपर्यंत."

आतून मैनाबाईचं खोकणं ऐकू आलं. शालूने आवाज खाली केला.

"मले एकाच दिवसाचा घोर होता," ती म्हणाली. "तुमी सारेच दिवस देल्ले."

ती ओरडली नाही, रडलीही नाही. उठली, ओले हात लुगड्याला पुसले, ओट्यावरचा गंज उचलून आत गेली. आत वरण पातेल्यात ओतल्याचा आवाज आला. माणिकबाई मोरीपाशी तशीच बसून राहिली. डबी बादलीच्या काठावर होती. तिच्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं.

शालू बाहेर आली. साफ पाण्याची भरलेली बादली दोघींच्या मध्ये होती. तिने ती ओलांडली आणि गंज तसाच खरकटा माणिकबाईच्या हातात दिला.

"घ्या, काकू."

बाहेरच्या अंगाने वरणाचा ओघळ आला होता. तो माणिकबाईच्या बोटांच्या भेगांत शिरला आणि झोंबला. पुढच्या खोलीतून जाताना तिने पदराने तो पुसला नाही. दोन गल्ल्या ती गंज दोन्ही हातांनी पुढे धरून चालत गेली.